सुट्टी मागायची कुणाकडे? ब्लॉगवर पोट असणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की स्वतःच्या ब्लॉगवर घर चालवणाऱ्यांनी प्रश्न पाठवा. मला वाटलं थीम कुठली, होस्टिंग कुठलं, कमाई किती हेच येणार, आणि तसे आलेही, पण त्याहून जास्त मेल आल्या दुखण्याखुपण्याच्या. मनगट, डोळे, झोप, आणि आजारी पडलं की पैशाचं काय. म्हणून या वेळी फक्त तेच घेतलंय, थीमवाल्यांनी रागावू नका, तुमचं पुढच्या वेळी. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं हेच काम करत आलेली बाई आहे, तेव्हा जिथे डॉक्टरकडे जा म्हटलंय तिथे खरंच जा.

ताई, मी पूर्णवेळ ब्लॉग लिहिते. हल्ली रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, सकाळी पुन्हा कामाला लागते. टायपिंग बंद केलं तर खाणार काय? – मुंग्यांनी हैराण

अगं, आज जाग आली की आधी एवढंच बघ, मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना आहेत. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, आणि करंगळी मात्र ठीक, असं असेल तर संशय कार्पल टनेल सिंड्रोमचा. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटं वाकवणारे नऊ टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मिडियन नावाची एक नस अशी सगळी दाटीवाटीने जातात, आत सूज आली की जागा पुरत नाही आणि चेपली जाते ती बिचारी नस. झोपेत आपण मनगट दुमडून झोपतो म्हणून रात्री त्रास जास्त. करंगळीची नस वेगळी, ती कोपराच्या आतल्या बाजूने येते, त्यामुळे मुंग्या फक्त करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला असतील तर कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून तासन्‌तास बसतेस का ते बघ.

दोन्हीपैकी काहीही असो, डॉक्टरला दाखव. नुसत्या टायपिंगनेच हे होतं असं धरून चालू नकोस, थायरॉइड, मधुमेह, गरोदरपण यातही हेच होतं, त्यामुळे रक्ततपासणी सांगितली तर 'मला तर हाताचं दुखणं आहे' म्हणून टाळू नकोस. नसेतून सिग्नल किती वेगाने जातोय हे बघायची एक टेस्ट असते, तीही कदाचित सांगतील. बटणं लावताना बोटं अडखळतात, हातातून वस्तू निसटतात किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसल्यासारखा दिसतो, यातलं एक जरी असेल तर पुढच्या पोस्टची वाट बघू नकोस, नस फार दिवस चेपलेली राहिली तर नंतर पूर्ण भरून येईलच असं नाही.

सुरुवातीच्या दिवसांत बहुतेकांना रात्री मनगटाला स्प्लिंट, म्हणजे मनगट हलू न देणारा पट्टा, लावायला सांगतात. मीही लावते. यात एक गोम आहे जी दुकानात कुणी सांगत नाही, बऱ्याच तयार स्प्लिंटमधली पट्टी मनगट थोडं वरच्या बाजूला वाकलेलं ठेवते आणि आपल्याला हवं असतं सरळ, हात टेबलावर सपाट ठेवल्यासारखं. पट्टी बाहेर काढता येत असेल तर ती डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून सरळ करून घे. आणि घट्ट आवळू नकोस, आवळलं की आत आणखी दाब.

आता पैशाचं. टायपिंग बंद करू नकोस, कमी कर. पहिला मसुदा बोलून काढ, गूगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंग मराठीत चालतं, फोनच्या कीबोर्डवरचा माइकही चालतो. पहिले काही दिवस चिडचिड होईल कारण पूर्णविराम, स्वल्पविराम हातानेच घालावे लागतात आणि आपण बोलतो तेव्हा किती वेळा 'म्हणजे' म्हणतो हे स्क्रीनवर बघून लाज वाटते. पण एका पोस्टमागची बोटांची मेहनत खूपच कमी होते, हाताला राहतं फक्त एडिटिंग. घसा मात्र सांभाळ, सलग बोलत बसलीस की तो बसतो, मग हात बरा आणि आवाज गेला अशी गत. माउस दुसऱ्या हाताने वापरायची सवय लाव, लॅपटॉप पुस्तकांवर चढवून कीबोर्ड वेगळा घे आणि टाइप करताना मनगट टेबलाच्या कडेवर दाबून ठेवू नकोस.

दिवसभर स्क्रीन, संध्याकाळी डोळे चुरचुरतात. चष्म्याचा नंबर तर तोच आहे. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊ का?

त्या चष्म्यात पैसे घालायची मला तरी गरज वाटत नाही, डोळ्यांचा ताण त्याने कमी होतो याला भक्कम आधार नाही. खरं कारण साधं आहे, एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी लववतो, स्क्रीनकडे टक लावली की ते निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं आणि डोळा कोरडा पडतो. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या कशाकडे तरी २० सेकंद बघायचं, मुद्दाम पापण्या पूर्ण मिटायच्या, स्क्रीन डोळ्यांच्या रेषेच्या जरा खाली ठेवायची आणि पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर घ्यायचा नाही. एवढ्यानेही नाही भागलं तर डोळ्यांचे डॉक्टर, मेडिकलमधून कुठलेही थेंब आणून घालू नका.

मे महिन्यात दोन आठवडे आजारी होतो. ट्रॅफिक, म्हणजे ब्लॉगवर येणारे वाचक, फारसं पडलं नाही म्हणून निश्चिंत होतो, पण पैसे कमी आले ते आत्ता कुठे, बरा झाल्यावर. असं कसं? आणि पुन्हा असं झालं तर जुन्या पोस्टच्या तारखा बदलून वर आणल्या तर चालेल का?

हा प्रश्न फार थोडे जण वेळेत विचारतात, त्यामुळे जरा सविस्तर बोलते. आपला पैसा काम केलं त्या महिन्यात येतच नाही. अ‍ॅडसेन्सचं, म्हणजे गूगलच्या जाहिरातींच्या पैशाचं बघा, मे महिन्याची कमाई जूनच्या सुरुवातीला नक्की होते आणि पैसे निघतात जूनच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान, तेही शिल्लक १०० डॉलर झाली असेल तर, डॉलरच्या खात्याला ती मर्यादा आहे. नसेल झाली तर रक्कम पुढच्या महिन्यात ढकलली जाते. अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅफिलिएटचं (आपल्या लिंकवरून कुणी खरेदी केली की मिळणारं कमिशन) आणखी लांब, महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी. स्पॉन्सर्ड पोस्टचं, म्हणजे कंपनीने पैसे देऊन लिहून घेतलेल्या पोस्टचं, तर बिल पाठवल्यानंतर समोरचा जेव्हा देईल तेव्हा. म्हणजे तुम्ही अंथरुणात होता तेव्हा खात्यात येत होते एप्रिल-मार्चच्या मेहनतीचे पैसे, आणि अंथरुणातल्या दिवसांचा खड्डा पडला तुम्ही धडधाकट झाल्यावर, नेमका औषधांचा खर्च उरकल्यावर.

यावरून मी एक ठरवलंय, पटलं तर घ्या. आजारपणासाठी बाजूला टाकायचे पैसे 'आजारी असतानाच्या' खर्चापुरते नकोत, आजार संपल्यानंतरचे दोन-तीन महिने धरून हवेत. नोकरदाराला आजारपणाची रजा मिळते, आपली रजा आपणच आधी कमवून ठेवायची, त्यात हप्ते, भाडं, विमा, होस्टिंग (साइट ठेवायची जागा) आणि डोमेनचं (साइटच्या पत्त्याचं) रिन्यूअल सगळं धरा. डोमेनला ऑटो रिन्यू लावून कार्डाची मुदत तपासून ठेवा, तापात मेल बघितली नाही आणि डोमेन गेलं यासारखं दुर्दैव नाही.

तारखा बदलायच्या भानगडीत पडू नका. मजकूर आहे तसाच ठेवून फक्त पान ताजं दिसावं म्हणून तारीख बदलणं गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात वाईट सवयींच्या यादीत आहे, आणि वाचकालाही कळतं हो. जुनी पोस्ट खरंच सुधारली, मोडलेल्या लिंक दुरुस्त केल्या, जुने आकडे बदलले, नवा भाग घातला, तर खुशाल तारीख बदला, आणि हे काम पडल्या पडल्या फोनवरही होतं. दोन आठवडे नवीन पोस्ट नाही म्हणून सर्च तुम्हाला शिक्षा करत नाही, तुमचं ट्रॅफिक पडलं नाही ते त्यामुळेच, लोक जे शोधत येतात त्या पोस्ट आधीच लिहिलेल्या होत्या. बातम्या किंवा नव्या फोनचे रिव्ह्यू लिहिणाऱ्याचं मात्र तसं नाही, त्याचे दोन आठवडे गेले म्हणजे गेलेच. पूर्ण ब्लॉग ताज्या विषयांवर उभा असेल तर निदान काही पोस्ट वर्षभर चालणाऱ्या विषयांवर लिहून ठेवा.

घरचे म्हणतात तू तर घरीच असतेस. गॅसवाला, पाहुणे, शाळेच्या मीटिंगा सगळं माझ्याकडे. मग रात्री जागून लिहिते. – वैतागलेली

'घरीच असतेस' हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय आणि काही जणांकडूनही. वाद घालून उपयोग होत नाही, वेळ दाखवावी लागते. दार लावायचे तास ठरवा, थोडे का असेनात पण रोज तेच, आणि त्या वेळात फोन उचलायचा नाही. महिन्याला किती येतात हे घरात आकड्यात सांगा, आकडा छोटा असला तरी सांगा, मोघम ठेवलं की छंद समजतात. आणि रात्रीचं लिहिणं आधी बंद करा, झोप मोडून लिहिलेली पोस्ट दुसऱ्या दिवशी दुरुस्त करण्यातच सकाळ जाते.

शरीराने ठीक आहे, पण लॅपटॉप उघडला की नको वाटतं. कमेंट वाचून चीड येते, पूर्वी आवडायच्या. रोज बारा-बारा तास बसतो, सुट्टी नाही. हा आळस आहे का?

रोज बारा तास बसणाऱ्याला आळशी कोण म्हणेल! तुम्ही लिहिलंय ते बर्नआउटशी बरंच जुळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली त्यात तीन गोष्टी आहेत, सतत गळून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्याच्याने काम नीट होत नाही असं वाटणं. त्यांनी याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं कारण मग बदलायचं असतं ते काम. त्याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त असतो. तुमचे बारा गुणिले सात किती होतात ते तुम्हीच बघा.

आधी कामाचे तुकडे पाडा. लिहिण्याचा वेळ वेगळा आणि कमेंट, आकडे, सोशल मीडिया यांचा वेगळा, तोही दिवसातून एकदाच. ट्रॅफिकचे आकडे तासातासाला बघून कुणाचे वाढलेले मला माहीत नाहीत. कमेंट काही दिवस मंजुरीवर टाका, कोसळणार नाही काही. आणि आठवड्यातला एक दिवस लॅपटॉप उघडायचाच नाही. पण हे नकोसेपण फक्त कामापुरतं नसेल, जेवण, माणसं, आवडीचं काहीच नको वाटत असेल, झोप उडाली असेल, जगणंच नको असे विचार येत असतील, तर याला बर्नआउट म्हणून घरी बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आजच कुणाला तरी सांगा.

स्पॉन्सर्ड पोस्टची तारीख तोंडावर आणि मी तापाने फणफणलेय. कंपनीला खरं सांगू की काहीतरी कारण देऊ? – घाईत

खरं सांगा, पण थोडक्यात. 'तब्येत बरी नाही, मसुदा अर्धा तयार आहे, नवीन तारीख अमुक देऊ शकते, ती चालत नसेल तर आत्ताच कळवा' एवढं पुरे, रिपोर्टचे फोटो आणि आजाराचं नाव नको. तारीख उलटून गेल्यावर पाठवलेल्या लांबलचक माफीपेक्षा आधी पाठवलेल्या या दोन ओळींवर लोक जास्त विश्वास ठेवतात. नवी तारीख देताना बरं व्हायच्या अंदाजापेक्षा दोन-तीन दिवस जास्तच मागा. आणि पुढचा करार करताना आजारपणात तारीख पुढे जाईल ही ओळ आधीच घालून घ्या, कुणीही सहसा नाही म्हणत नाही.

ऑपरेशनच्या आधी वर्डप्रेसवर पोस्ट शेड्यूल करून ठेवल्या होत्या, घरी येऊन बघतो तर अर्ध्या 'मिस्ड शेड्यूल'. माझंच काही चुकलं का?

तुमचं काही चुकलं नाही. वर्डप्रेसला स्वतःचं घड्याळ नसतं, साइटवर कुणीतरी आलं की तेव्हा ते बघतं काय काय करायचं राहिलंय. तुमच्या साइटवर पहाटे कुणी फिरकलंच नाही किंवा कॅशिंगमुळे (पानाची साठवलेली तयार प्रत दाखवल्यामुळे) भेट वर्डप्रेसपर्यंत पोचलीच नाही, तर सहाची पोस्ट सहाला जात नाही. उपाय होस्टिंगच्या पॅनेलमध्ये आहे, तिथे क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून दर काही मिनिटांनी साइटच्या मुळातली डब्ल्यूपी-क्रॉन फाइल चालवायची, आणि सेटिंगच्या कॉन्फिग फाइलमध्ये वर्डप्रेसचं आपलं क्रॉन बंद करायचं. जमत नसेल तर होस्टिंगच्या सपोर्टला सांगा, त्यांचं रोजचं काम आहे. लावून झालं की उद्याची एक चाचणी पोस्ट शेड्यूल करा, आणि वेळेवर आली का ते बघा, वर्डप्रेसचं आपलं क्रॉन खरंच बंद झालं असेल तर तुमच्या भेटीने ती प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे आली म्हणजे नवा क्रॉन जॉब चालतोय.