हुंकार म्हणजे होकार नव्हे

नेदरलँड्समधल्या आमस्टेलफेनहून एका वाचक मैत्रिणीचं चार पानी पत्र आलंय. त्यात प्रश्न तीन: मॅनेजरचा फीडबॅक, लेकाची मराठी आणि सासूबाईंचा व्हिसा. मी पहिल्याच प्रश्नाला धरून बसणार आहे. तो माझा लाडका विषय आहे, हे जुन्या वाचकांना ठाऊकच आहे.

ती लिहिते, "ताई, मॅनेजरने तासभर एकेक चूक वाचून दाखवली, चहासुद्धा न विचारता. मी उलट बोलले नाही, 'येस, येस' म्हणत सगळं ऐकून घेतलं. आता मीटिंगच्या टिपणात लिहिलंय की सगळे मुद्दे मला मान्य आहेत! शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचीय. नवरा म्हणतो, दे राजीनामा फेकून."

चहाचं सोड गं. डच माणूस बोलणं साखरेत घोळवत नाही, सगळ्यांशी तसाच बोलतो. मी रागावणार आहे ती तुझ्या 'येस, येस'वर.

आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. पोर 'हं' म्हणेनासं झालं की आजी विचारते, झोपलास का रे? ती सवय आपण विमानातून बरोबर आणतो आणि इथे 'हं'चं 'येस' करतो. आपल्या मनात असतं 'ऐकतेय, बोला', समोरचा लिहून घेतो 'कबूल'. वर आपली मान डोलतेच. आमच्या घरी दोघांनाही हे भोवलंय, म्हणून अधिकाराने सांगते.

आता तुझंच पत्र पुन्हा वाच. मॅनेजरची मुख्य तक्रार तूच लिहिली आहेस: "म्हणे मी मंगळवारी हो म्हणते आणि शुक्रवारी काम तयार नसतं." अगं, तो तोच हुंकार! मंगळवारी तू काम ऐकून घेतलंस, त्याने तारीख पक्की धरली. तिथे म्हणायला हवं होतं, "दोन चाचण्या शुक्रवारपर्यंत होतील. तिसरीचा डेटा बुधवारी आला तर तीही शुक्रवारी, नाहीतर पुढच्या मंगळवारी." हे उद्धटपणाचं नाही. यावर त्याला पुढची आखणी करता येते.

फीडबॅकच्या मीटिंगला वही-पेन घेऊनच बस. हात लिहिण्यात गुंतला की मान कमी डोलते, ही गंमत करून बघ. त्याचे शब्द आहेत तसेच उतरव आणि प्रत्येक मुद्द्याला तीन गोष्टी विचार: हे कोणत्या कामात दिसलं, त्या जागी काय अपेक्षित होतं, आणि सुधारणा कधीपर्यंत दिसायला हवी. 'तू पुढाकार घेत नाहीस' एवढ्यावर कोणालाच काही सुधारता येत नाही. 'अडचण सोमवारी कळली होती, मला गुरुवारी सांगितलीस' यावर येतं. 'येस' जिभेवर आलंच तर त्याऐवजी म्हण, "आय हॅव नोटेड इट. आय विल रिप्लाय टुमॉरो." घसा दाटून आला तर पाच मिनिटं मागून घे, त्यात कमीपणा नाही. आणि तिथल्या तिथे सफाई देऊ नकोस, ती नेहमी लांबते.

टिपणाचं काय करायचं? आधी ही बैठक कोणती होती ते बघ. तिथे वर्षभरात दोन प्रकारच्या बैठका होतात. 'फुंक्शनेरिंग्सखेस्प्रेक' हा दुतर्फा संवाद, त्यात तूही मॅनेजरकडे काय हवं ते मागू शकतेस. 'बेओर्डेलिंग्सखेस्प्रेक' हे एकतर्फी मूल्यमापन, त्यावर पगारवाढ ठरते. कोणतीही असली तरी सहीशेजारी 'फोर खेझीन' लिही, म्हणजे 'पाहिलं'. 'अकोर्ड' म्हणजे 'मान्य', तो शब्द सहीजवळ छापलेला असेल तर खोड. आणि शुक्रवारची वाट न बघता आज रात्रीच मेल लिही, दहा ओळींपेक्षा जास्त नको: कोणते मुद्दे पटले, कोणते पटले नाहीत व का (तारखांसकट), पुढचे दोन आठवडे काय वेगळं करणार, आणि त्यानंतर पंधरा मिनिटांच्या भेटीची विनंती. हा मेल टिपणाला जोडावा असं शेवटी स्पष्ट लिही. पटलेले मुद्दे आधी येऊ देत. एकही मुद्दा न पटलेलं पत्र कोणी गंभीरपणे वाचत नाही.

राजीनामा अजिबात नाही, नवऱ्याला माझं नाव सांग. तुझी नोकरी कायमस्वरूपी आहे. काम जमत नाही या कारणावरून नेदरलँड्समध्ये मालकाला परस्पर काढता येत नाही. तुझी संमती नसेल तर कोर्टात जावं लागतं, आणि वेळेवर सांगितलं, सुधारायला पुरेशी संधी दिली, हे तिथे दाखवावं लागतं. म्हणून तर ही टिपणं बनतात, आणि म्हणूनच त्यांत तुझी बाजू हवी. स्वतःहून सोडलीस तर बेकारभत्ता सहसा मिळत नाही, आणि 'केनिसमिग्रांट', म्हणजे उच्चकुशल परदेशी नोकरदाराच्या, परवान्यावर नवी नोकरी शोधायला फार तर ३ महिने, तेही परवान्याची मुदत तितकी उरली असेल तर. उद्या कोणी 'व्हीएसओ', म्हणजे आपसात नोकरी संपवण्याचा करार, पुढे केला तर सही न करता वकिलाला दाखव. सही झालीच तर १४ दिवसांत कारण न देता लेखी माघार घेता येते. करारात हा हक्क नमूद नसेल तर ३ आठवडे मिळतात. कायदेशीर खर्चाचा विमा आहे का तेही आजच बघ. भांडण पेटल्यावर घेतलेला विमा त्या भांडणाला लागू होत नाही.

लेक मराठी शाळेला नाही म्हणतो? सात वर्षांचा आहे. आजी येतेय, तीच शाळा.

सासूबाईंचं तिकीट मात्र बदल. १ जून ते ३१ ऑगस्ट हे 'तीन महिने' म्हणून काढलंयस, पण ते ९२ दिवस होतात. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९०च राहता येतं, आणि येण्याचा-जाण्याचा दिवसही त्यात धरतात. परतीचं विमान उशिरात उशिरा २९ ऑगस्टचं घे, आणि व्हिसावर दिवस कमी दिले असतील तर त्याआधीचं.