ग्रामीण भागातल्या कुटुंबाने नैसर्गिक आपत्तीसाठी घरात कोणती तयारी ठेवावी? आणीबाणीच्या पिशवीत काय काय भरावं?

यादी मागितली आहे, तर आधी ती देऊन टाकते. चार्ज केलेली बॅटरी, पॉवर बँक, रोजच्या गोळ्या पंधरवडाभर पुरतील एवढ्या, पाण्यात टाकायच्या क्लोरिनच्या गोळ्या, काडेपेटी, शेंगदाणे, गूळ, चिरमुरे, सुट्ट्या नोटा. आधार, रेशनकार्ड, पासबुकं आणि मुलांचे मूळ दाखले जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. सातबारा ऑनलाइन निघतो, त्याची काळजी नको. चिखलातून काढलेला शाळेचा दाखला मात्र वाळला की पापडासारखा तुटतो. एवढं कुठल्याही सरकारी पत्रकात मिळेल.

आता पत्रकात नसतं ते सांगते. माझं सासर शिरोळ तालुक्यात. आमच्याकडे पुरात माणसं अडकतात ती पिशवी नव्हती म्हणून नाही, गोठ्यात म्हशी होत्या म्हणून. माणसाला बोटीत घेतात, म्हशीला कोण घेणार? आणि दावणीची म्हैस सोडून बोटीत बसायला आमच्यात कुणाचं मन होत नाही. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरची तयारी गोठ्यापासून सुरू होते. ज्यांनी कधी धार काढली नाही त्यांना हे पटणार नाही, चालेल.

आमचा पूर धाडकन अंगावर येत नाही. इंचाइंचाने चढतो, म्हणूनच फसवतो. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. गावात ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं. "पाऊस उघडलाय, आता उतरंल" हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल त्याचा सल्ला घेऊ नका. आपल्या डोक्यावर पाऊस आहे की नाही याला काही अर्थ नाही. कोयनेतून किती सोडलंय, वारणेतून किती, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडलेत, ते बघायचं. ते पाणी पोचायला वेळ लागतो, आणि तेवढाच आपला वेळ.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात हाच वाद पेटला. सोप्याच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे, तांबड्या ऑइल पेंटने ओढलेली रेघ. भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, स्वतः ओढलेली. त्या रेघेवर त्यांचा एवढा विश्वास की ट्रंका, धान्याची पोती, टीव्ही सगळं रेघेच्या वर हातभर अंतरावर फळ्या टाकून रचलं आणि म्हणाले, "पाच सालच्या वर पाणी येत न्हाई. आपण काय पूर नवीन बघतोय व्हय?"

मी म्हणाले, "भाऊजी, निदान म्हशी तरी आज हलवूया. माझ्या माहेरी गोठा रिकामा आहे, माळावर आहे, पाणी यायचा प्रश्नच नाही."

तिथेच बिनसलं. पुराचं राहिलं बाजूला, विषय माहेरावर आला. घरची जनावरं सुनेच्या माहेरी बांधायची? गावात तोंड कसं दाखवायचं? मामा, म्हणजे माझे सासरे, गप्प बसले. आमचे हे कारखान्यात ड्यूटीवर, फोन लागत नव्हता. चुलीजवळून आत्ती, म्हणजे सासूबाई, तेवढ्या म्हणाल्या, "माझी कपिला तिच्यासंगं जाऊ दे." कपिला ही त्यांची स्वतःची म्हैस, माहेराहून आलेल्या पैशांतून घेतलेली. त्यावर भाऊजींना बोलता येईना.

टेंपो बोलावला. म्हैस टेंपोत चढवणं ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते: ओढून ती चढत नाही, मारून तर नाहीच. फाळक्याला फळी लावली, फळीवर पोतं अंथरलं म्हणजे खूर घसरत नाही, आणि आधी रेडकू उचलून आत ठेवलं. रेडकू आतून ओरडायला लागलं तशी कपिला आपण होऊन दोन पाय फळीवर टाकून उभी राहिली. मग मागून नुसता हात लावायचा. आमच्या दोन म्हशी आणि रेडकू गेलं. पेंडीची पोती आणि कडबा त्यातच टाकला, कारण पाहुण्यांच्या दारात जनावरं बांधून वैरणही त्यांचीच कशी घालायची? कुणाचा मिंधेपणा नको असेल तर वैरण आपली न्यावी.

भाऊजींच्या दोन म्हशी दावणीलाच राहिल्या. पाणी रात्री गोठ्यात शिरलं. ते स्वतः माळ्यावर होते, खाली उतरून छातीभर पाण्यात त्यांनी विळ्याने दावी कापली, हे मात्र त्यांचं मोठेपण. बांधलेलं जनावर जागेवर मरतं, सुटलेलं निदान पोहतं. एक म्हैस पुढे दुसऱ्या गावच्या बांधावर सापडली. दुसरी सापडली नाही. पाणी रेघेच्या वर गेलं, फळ्या तरंगल्या, रचलेलं सगळं आडवं झालं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ २००५ ला ५४ फुटांच्या आत राहिलेली कृष्णा त्या वर्षी ५७ च्या वर गेली. आपल्या भिंतीवरच्या रेघेला तिने का जुमानावं? भाऊजींना दुसऱ्या दिवशी जवानांनी बोटीतून काढलं. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. शेवटच्या घडीला गर्दीने नावेत चढायची वेळ का येऊ द्यायची नाही, ते त्यावरून समजा.

त्यानंतर मी आकडे लिहून फ्रिजवर चिकटवले. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. आयर्विन पुलावर ४० आणि ४५. आमचा नियम: राजारामला ३९ झाले की जनावरं जातात, ४३ ची वाट बघायची नाही. ४३ ला म्हातारी माणसं, मुलं आणि पिशवी. गडी माणसं मागे थांबायची असतील तर उजेड असेपर्यंतच. हा नियम आमच्या गावाच्या उंचीचा आहे, तुम्ही तुमचा काढा. पण काढा उन्हाळ्यात. पाणी दारात आल्यावर घरात मतदान घेऊ नका, कारण तेव्हा ज्याचा आवाज मोठा त्याचंच चालतं.

आणि कुणाकडे जायचं ते नावानिशी ठरलेलं असावं. पाहुणे उंचावर हवेत, त्यांच्याकडे गोठा हवा. ते सुनेचं माहेर असलं तर असू दे. लग्नात मानपान घेताना माहेर चालतं, मग पुरात का चालू नये?

२०२१ ला परत पाणी आलं तेव्हा चारही जनावरं वेळेत गेली, कुणी चकार शब्द काढला नाही. २०२४ च्या जुलैत पंचगंगेने ४३ ओलांडले, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन पाणी थांबलं. झालं! भाऊजींना बोलायला जागा मिळाली. "उगंच पळापळ. टेंपोचं भाडं गेलं, म्हशी बिचकल्या, दूध आटलं." दूध कमी झालं हे खरं आहे, जागा बदलली की म्हैस आठवडाभर रुसते. पण मला सांगा, एका म्हशीची किंमत काढा आणि टेंपोच्या भाड्याने भागा. तेवढ्या वेळा मी उगंच पळायला तयार आहे. संध्याकाळी पारावर बसून हेच लोक कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ मीटर की ५२४ यावर रात्र घालवतात. २०१९ नंतर पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, आमच्याकडे ते बऱ्याच जणांना पटलेलं नाही. भांडण महत्त्वाचं आहे, जरूर करा. पण म्हशी पोचवून आल्यावर.

जनावरांचं अजून एक. कानातला बिल्ला मारून घ्या आणि बिल्ल्याचा आकडा दिसेल असा फोटो फोनमध्ये ठेवा. पंचनाम्याच्या वेळी "आमची म्हैस होती हो" याला कुणी विचारत नाही. घराचेही फोटो आधीचे आणि नंतरचे, चिखल काढायच्या आधी. पाणी उतरल्यावर मेन स्विचला हात लावायच्या आधी वायरमन, आणि फळीवर हात टाकायच्या आधी काठी, कारण वर चढून बसलेली घोणस तिथेच असते. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडल्याशिवाय ते पाणी पिऊ नका.

आता समजा तुमचं गाव नदीकाठी नाही. मग वरचं निम्मं तुम्हाला लागू नाही, हे कबूल. डोंगराच्या पायथ्याला असाल तर दरड कोसळते, तिथे तासन्‌तास मिळत नाहीत. माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इरशाळवाडी १९ जुलै २०२३, तिन्ही ऐन जुलैत. उतारावर नवी भेग दिसली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं तर त्याच दिवशी उठायचं, पिशवी राहिली तरी चालेल. लातूर-धाराशिवच्या बाजूचे असाल तर ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप तुम्हाला मी सांगायला नको. पहाटे झोपेत माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली. तिथली तयारी भिंतीत आणि छपरात असते. विजेसाठी दामिनी ॲप घ्या. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, तो घरातल्या म्हाताऱ्यांच्या साध्या फोनमध्येही घाला.

आणि टेंपोचं भाडं कुणी द्यायचं हे आधीच ठरवा. २०२४ चं निम्मं अजून भाऊजींकडून यायचंय.