शहराची हवा ‘चांगली’ दिसते, मग बाथरूममध्ये गॅस गिझर चालेल का?

नाही चालणार. अॅपवर पुण्याची हवा चांगली दिसते, मग बाथरूममधल्या गॅस गिझरची भीती कशाला, असं तुम्ही विचारलंत. शिवाजीनगर-पाषाणकडचा कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा आकडा ‘चांगला’ असेलही, पण त्याचा तुमच्या बाथरूमशी काहीच संबंध नाही. ‘सफर’ किंवा ‘समीर’ या हवेची गुणवत्ता सांगणाऱ्या सरकारी सेवांवर दिसते ती बाहेरच्या हवेची सरासरी. बाहेरच्या हवेतल्या कार्बन मोनॉक्साइडची आपल्याकडची मर्यादा आठ तासांसाठी २ मिलिग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे जेमतेम पावणेदोन पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत पावणेदोन भाग). घरात विषबाधा होते तेव्हा हे प्रमाण शेकडो पीपीएमवर जातं, तेही काही मिनिटांत.

ढोबळ हिशेब करून पाहा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला साधारण ९०० ग्रॅम एलपीजी जाळतो आणि त्यासाठी सुमारे १२ घनमीटर हवा लागते. पाच बाय आठ फुटांच्या बाथरूममध्ये हवा असते १० घनमीटर. दार-खिडकी बंद करून पंधरा मिनिटं गिझर चालवला, तर जवळजवळ एकतृतीयांश हवेतला ऑक्सिजन संपतो. ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. पाइप गॅसचंही तसंच. वास येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका; सिलिंडरचा तो वास गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो, जळलेल्या गॅसला तो नसतो.

गिझर बाथरूमबाहेर, उघड्या हवेत बसवा. स्लायडिंग लावून बंद केलेली ड्राय बाल्कनी म्हणजे उघडी हवा नव्हे. धुराचा पाइप थेट बाहेर काढा, बंद डक्टमध्ये सोडू नका. गिझर आत असेल, तर नुसत्या एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका: हवा आत यायला वाट नसेल, तर फॅन तोच धूर पाइपातून उलटा आत ओढू शकतो. गिझर हलवेपर्यंत दार उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच अंघोळीला जा. ज्योत पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर वापर थांबवून बर्नर साफ करून घ्या. निळी ज्योत मात्र सुरक्षिततेची हमी देत नाही.

डिटेक्टर जरूर घ्या, पण गॅसगळतीचा नव्हे, कार्बन मोनॉक्साइडचा. ‘ईएन ५०२९१’ ही अशा डिटेक्टरच्या युरोपीय मानकाची खूण पाहून. तो ५० पीपीएमला तासाभरानं, तर ३०० पीपीएमला तीन मिनिटांत वाजतो. वाफेत लावू नका. हा वायू जवळपास हवेइतकाच जड असल्यानं डिटेक्टर जमिनीलगत बसवायची गरज नाही. मुदत संपली की बदला.

धोक्याचा अंदाज शहराच्या हवेवरून नव्हे, तर रुग्णालयांच्या नोंदींतून येतो. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था आगीतली आणि बिनआगीची विषबाधा वेगळी मोजून जाहीर करते. बिनआगीच्या विषबाधेनं तिथे दरवर्षी चारशेहून जास्त माणसं दगावतात. पुण्यातही अशी वॉर्डनिहाय नोंद लोकांसमोर यावी, असं मला कळकळीनं वाटतं.

घरात एकाच वेळी अनेकांचं डोकं दुखू लागलं, मळमळ झाली, पाय लुळे पडले आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर हाच संशय धरा. आतला माणूस हाकेला ओ देत नसेल, तर दार फोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, १०८ला फोन करा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो, ऑक्सिजन ९८ टक्के दाखवू शकतो. डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे आधी सांगा आणि रक्तातल्या कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनची, तपासणी करायला सांगा.