भूकंपासाठी सदैव तयार असलेल्या जपानमध्ये वाजिमा शहर एकाच वर्षात दोनदा उद्ध्वस्त कसे झाले?

आपला प्रश्न असा आहे की, जपानची एवढी तयारी असताना वाजिमाची २०२४ मध्ये दोन वेळा अशी दैना का व्हावी. माझ्या मते भूकंप, आग आणि पूर यांचा वेगवेगळा हिशेब मांडला तर याचे उत्तर सापडत नाही, कारण तेथे प्रत्येक संकटाने पुढच्या संकटाची वाट मोकळी करून दिली.

वाजिमा हे इशिकावा प्रांतातील नोतो द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावरचे, भूकंपापूर्वी जेमतेम पंचवीस हजार वस्ती असलेले शहर. झाडाच्या चिकापासून बनवलेल्या रोगणाचे थरांवर थर चढवून केलेली लाकडी तेथील भांडी जपानभर नावाजलेली आहेत. १ जानेवारी २०२४ रोजी, नववर्षाच्या सणासाठी मुले-नातवंडे घरी आलेली असताना, दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी ७.६ परिमाणाचा (मॅग्निट्यूडचा) भूकंप झाला. १९८१ मध्ये बांधकामाचे नियम कडक झाले खरे, पण त्याआधीची जड कौलांची लाकडी घरे तेथे बरीच होती, आणि ज्या घरात म्हातारा-म्हातारीच उरली आहेत, तेथे लाखो येन खर्चून घर बळकट करण्याचा उत्साह कोणाला असणार? तयारी राष्ट्राची असली, तरी घर ज्याचे त्यालाच सावरावे लागते, हे आपण सहसा विसरतो.

त्या संध्याकाळी सकाळच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या पेठेत आग लागली. जलवाहिन्या फुटल्यामुळे अग्निशमनाच्या नळांना पाणी नव्हते, जवळच्या कावाराडा नदीतूनही पुरेसे पाणी उपसता येईना, आणि त्सुनामीचा इशारा लागू असल्याने समुद्राकडे जाणे धोक्याचे होते. सुमारे २४० इमारती जळाल्या. त्याच धक्क्याने किनारा वर उचलला गेला, काही ठिकाणी तर सुमारे चार मीटर. त्यामुळे बंदर उथळ झाले आणि धड असलेल्या नावाही गाळ उपसेपर्यंत जागच्या जागी अडकून पडल्या. मासेमारीवर जगणाऱ्या गावाला हा घाव घर पडण्याइतकाच खोल असतो. डोंगर खचून रस्ते बंद झाल्याने मदतही उशिरा पोहोचली.

त्यानंतर तात्पुरती घरे बांधायची, तर सपाट जागा हवी. आणि डोंगर व समुद्र यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात सपाट जागा म्हणजे बहुतेक नदीकाठच. काही वसाहती पूरप्रवण म्हणून नकाशावर आधीच दाखवलेल्या भागात उभ्या राहिल्या. २१ सप्टेंबरला ढगफुटीसारखा पाऊस झाला, वाजिमात एका तासात १२० मिलिमीटरहून अधिक पाणी पडले; जानेवारीत भेगाळलेल्या उतारांवरून माती आणि झाडे खाली आली, आणि कावाराडा नदीचे पाणी नुकत्याच राहायला आलेल्या लोकांच्या तात्पुरत्या घरांत शिरले. ज्यांनी जानेवारीत घर गमावले होते, त्यांच्यापैकी अनेकांना पुन्हा आश्रयकेंद्राची वाट धरावी लागली.

त्या वेळी निर्णय घेणाऱ्यांना मी सरसकट दोष देणार नाही, कारण थंडीत शाळेच्या सभागृहात दिवस काढणाऱ्या वृद्धांना लवकर छप्पर देणे हेही प्राण वाचवण्याचेच काम होते. नोतोच्या भूकंपात थेट मृत्युमुखी पडलेल्यांपेक्षा नंतरच्या हालअपेष्टांनी, आजारपणाने गेलेल्यांची नोंदलेली संख्या पुढे अधिक झाली. तरीही पूररेषेतच घरे बांधावी लागणार असतील, तर पावसाळ्यापूर्वी खचलेल्या उतारांची पाहणी आणि नदीपात्रातील राडारोडा काढणे ही कामे घरबांधणीच्या बरोबरीनेच व्हायला हवीत, असे मला ठामपणे वाटते.