शाकारलेलं इंग्लिश फार्महाऊस घ्यायचंय? तुमच्या प्रश्नांची उत्तरं

यावेळचे जवळपास सगळे प्रश्न एकाच जातीच्या जाहिरातीवरून आलेत. नैर्ऋत्य इंग्लंडच्या डेव्हनमधलं सोळाव्या शतकातलं फार्महाऊस, जाड मातीच्या भिंती, गवताचं छप्पर, ग्रेड टू लिस्टेड (म्हणजे सरकारच्या संरक्षित वास्तूंच्या यादीतलं), गाइड प्राइस म्हणजे एजंटची अंदाजे किंमत ६ लाख पौंड. फोटोत दारावर गुलाब चढलेला असतोच. मी इथे जुन्या घरांचे सर्व्हे करते, त्यामुळे गुलाब सोडून बाकीच्यावर बोलते.

प्रश्न: आम्ही रेडिंगला असतो, एक्सेटरजवळचं असं घर बघून आलो. माझ्या आजोळी मे महिना आला की शाकारणीची गडबड असायची, इथेही दर वर्षी करावी लागते का?

नाही हो. कोकणात पेंढा किंवा गवत एका पावसाळ्यापुरतं पातळ घालतात, इथे थर फूटभर जाड असतो आणि छपराचा उतार ४५-५० अंशांचा, त्यामुळे पाणी वरच्या इंचभरातूनच निथळून वळचणीला येतं आणि आतलं सगळं कोरडं ठणठणीत राहतं. पन्हळ बहुतेक नसतेच. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून वळचणच भरपूर बाहेर काढलेली असते.

किती टिकतं ते गवतावर. डेव्हनकडे गव्हाचे काड विंचरून, बुडखे बाहेर ठेवून घालतात, त्याला कोम्ब्ड व्हीट रीड म्हणतात, ते साधारण २५ ते ३५ वर्षं. लाँग स्ट्रॉ म्हणजे न विंचरलेलं काड, दिसायला विस्कटलेलं, ते १५ ते २५. नॉरफकच्या पाणथळीतला वॉटर रीड ४० च्या पुढेही जातो. पण आढ्यावरचा भाग, ज्याला रिज म्हणतात, तो कुठल्याही छपरात १०-१५ वर्षांनी बदलावाच लागतो. एजंट म्हणतो "अलीकडेच शाकारलंय", तेव्हा विचारायचं, पूर्ण छप्पर की नुसता रिज? बिलं दाखवा म्हणायचं. दोन्हीतला फरक हजारो पौंडांचा आहे.

स्वतः बघायचं असेल तर उत्तरेकडचं पाखं बघा, ते सावलीत असतं, शेवाळ तिथेच जास्त. पाखाभर उभे चर पडलेत का आणि गवत दाबून धरणाऱ्या हेझलच्या काठ्या मधल्या भागात उघड्या दिसायला लागल्यात का? (लाँग स्ट्रॉमध्ये कडेला नक्षीसारख्या काठ्या मुद्दाम दिसत्या ठेवतात, त्याने घाबरू नका.) मधल्या काठ्या उघड्या पडल्या की त्या थराचं आयुष्य संपत आलं समजा.

आणि एक भारी गोष्ट सांगते. पूर्ण शाकारताना बऱ्याचदा वरचा झिजलेला थरच काढतात, खालचा तसाच ठेवून त्यावर नवीन. पूर्वी या घरांना धुराडं नव्हतं, मधल्या खोलीत जमिनीवरच विस्तव असायचा आणि धूर छपरातून बाहेर जायचा, त्या काजळीने काळा झालेला मध्ययुगातला थर डेव्हनमधल्या काही घरांत अजून तळाशी आहे. त्यातल्या काडांवरून त्या काळी कुठला गहू पिकायचा तेसुद्धा अभ्यासतात! असा थर निघाला तर थॅचरला, म्हणजे शाकारणाऱ्या कारागिराला, तो उपटू देऊ नका.

प्रश्न: गवताच्या छपराखाली वूडबर्नर (लाकडावरची बंद शेगडी)? माझा नवरा म्हणतो काही होत नाही. ऐकू का त्याचं?

अर्धंच ऐका. अशी घरं रोज उठून पेटत नाहीत, पण पेटलं की विझवणं महाकठीण, कारण पाणी आत शिरू नये म्हणूनच ते छप्पर बनवलेलं असतं. फायर ब्रिगेडला वरून मारलेलं पाणी खाली ओघळून जातं आणि आत धुमसत राहतं, शेवटी गवत ओढून काढावं लागतं.

हिस्टॉरिक इंग्लंड ही इथली वारसा सांभाळणारी सरकारी संस्था, त्यांचं म्हणणं असं की धुराड्यातून उडालेल्या ठिणग्या छपरावर पडतात हे मोठं कारण, आणि खुल्या शेकोटीपेक्षा वूडबर्नरची हवा जास्त जोरात वर जाते म्हणून ठिणगी जिवंत बाहेर पडते. म्हणून कागद-पुठ्ठे कोंबून पेटवायचं नाही, लाकूड वाळलेलंच, भट्टी लाल होईपर्यंत तापवायची नाही, धुराडं वेळच्या वेळी साफ. धुराड्याचं तोंड आढ्यापासून किमान १.८ मीटर वर हवं. तोंडावर जाळी लावू का असंही विचारलंय, तर नको, ती काजळीने तुंबते.

विमा नेहमीच्या कंपनीकडे न बघता थॅचवाल्या खास विमा कंपन्यांकडे बघा, आणि एक्स्चेंजच्या, म्हणजे खरेदीचा करार पक्का होण्याच्या, आधी कोटेशन हातात पाहिजे. वायरिंगचे आणि धुराडं साफ केल्याचे कागद मागतातच.

प्रश्न: आतलं माजघर आणि किचनमधली भिंत पाडून ओपन प्लॅन, खिडक्यांना डबल ग्लेझिंग, बाहेरून मस्त सिमेंटचं प्लॅस्टर, असा प्लॅन आहे. परवानगी किती दिवसांत मिळते?

आधी पाणी प्या.

ग्रेड टू म्हणजे फक्त दर्शनी भाग जपायचा असा गैरसमज आहे, संरक्षण आतल्या भागालाही असतं. १ जुलै १९४८ च्या आधीपासून घराच्या आवारात असलेला गोठा किंवा कोठारसुद्धा बहुतेक त्यातच येतं. घराच्या वैशिष्ट्याला धक्का लागेल असं काहीही करायला लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट लागतो, विना परवाना करणं हा १९९० च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि खरी मेख पुढेच आहे: आधीच्या मालकाने चोरून काही केलं असेल तर ते दुरुस्त करून द्यायची नोटीस तुम्हाला येऊ शकते, त्याला मुदतच नाही, तीस वर्षांनीही येईल. म्हणून छताकडे बघत बसण्यापेक्षा वकिलाला प्रत्येक बदलाचा कन्सेंट शोधायला लावा.

सिमेंटचं मात्र परवानगी मिळाली तरी करू नका. या भिंती कॉबच्या, म्हणजे माती, पेंढा आणि पाणी तुडवून थरावर थर चढवलेल्या, त्यांना बाहेरून चुन्याचाच गिलावा हवा, चुन्यातून ओल बाहेर जाते. सिमेंटमध्ये ती अडकते आणि भिंत आतून मऊ पडत जाते, बाहेरून मात्र टकाटक दिसते. डेव्हनमध्ये म्हणतात, कॉबला चांगली टोपी आणि चांगले बूट द्या, बाकी काही नको. टोपी छपराची, बूट दगडी जोत्याचे. शेणाने सारवलेल्या घरात वाढलेल्यांना हे पटकन कळतं, फ्लॅटवाल्यांना समजावताना माझा घसा बसतो.

प्रश्न: आम्ही यूकेत भाड्याने राहतो, इथे घर नाही, फक्त पुण्यात एक फ्लॅट आहे. स्टँप ड्युटी किती?

त्या पुण्याच्या फ्लॅटनेच घात केलाय. दुसऱ्या घराचा ५ टक्के सरचार्ज लावताना जगात कुठेही असलेलं घर धरतात, किंमत ४० हजार पौंड किंवा जास्त असली की झालं. ६ लाखांवर साधी ड्युटी २० हजार पौंड, वर सरचार्ज ३० हजार, एकूण ५० हजार. तुम्ही भारतातच राहून घेत असाल तर आणखी २ टक्के, म्हणजे १२ हजार. शिवाय भारतातून पैसे पाठवायचे तर एलआरएसची (रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेची) मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, नवरा-बायको मिळून पाच लाख डॉलर, ते सहा लाख पौंडांना पुरत नाहीत. १० लाख रुपयांच्या पुढे २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापतात, तो इन्कम टॅक्समध्ये वळता होतो पण तोवर पैसे अडकतात. सीएला आधी भेटा, एजंटला नंतर.

प्रश्न: घर घेतलं तर व्हिसा मिळतो ना?

नाही. गुंतवणूकदारांचा व्हिसासुद्धा फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला.

प्रश्न (चिपळूणहून): माझा मुलगा असलं घर बघतोय. अहो ताई, एवढे पैसे घालून गवत? त्यावर कौलं का नाही टाकत?

काकू, लिस्टेड आहे, टाकू देणार नाहीत. शिवाय गवताच्या छपराचे वासे हलके, कौलांचं वजन त्यांना झेपेलच असं नाही. लंडनने मात्र तुमच्यासारखाच विचार ८०० वर्षांपूर्वी केला होता, १२१२ च्या आगीनंतर गवताच्या छपरांवर बंदीच घातली. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर तिथे पहिलं गवताचं छप्पर चढलं ते थेट १९९७ मध्ये उघडलेल्या ग्लोब थिएटरवर, आणि तेही पाण्याचे स्प्रिंकलर लावून.

मुलाला एवढंच विचारायला सांगा की अंगणातून पब्लिक फुटपाथ, म्हणजे कुणालाही चालायचा हक्क असलेली पायवाट, जातो का. जुन्या शेतघरांच्या आवारातून बऱ्याचदा गावाची वाट गेलेली असते, ती आपल्या मर्जीने बंद करता येत नाही. मी मागे एका घरी सर्व्हेला गेले होते, मालकीणबाई कपडे वाळत घालत होत्या आणि दोरीखालून वाकून आठ अनोळखी माणसं आणि तीन कुत्री गुड मॉर्निंग म्हणत निघून गेली.