सुगंधी उत्पादनांचे क्षेत्र : आधी चाचणी शिकावी

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फुलांच्या इसेन्शिअल ऑइलपासून मालिशचे तेल, रोल-ऑन आणि क्रीम तयार करण्याची तिला मनापासून आवड आहे. एम.एस्सी. न करता अरोमाथेरपीचा (सुगंधी तेलांच्या उपचारपद्धतीचा) अल्प मुदतीचा अभ्यासक्रम करावा आणि लगेच स्वतःची उत्पादने विकायला सुरुवात करावी, असे तिला वाटते. हा निर्णय योग्य ठरेल का, असे आपण विचारले आहे. तिची आवड खरी आहे आणि तिला या क्षेत्रात वावही आहे. मात्र तिने एम.एस्सी. सोडू नये आणि शक्य असल्यास त्यात विश्लेषणात्मक रसायनशास्त्र (पदार्थात कोणते घटक किती आहेत हे तपासण्याचे शास्त्र) हा विषय निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण कच्च्या मालातच आहे. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते चार हजार किलो फुले लागतात, आणि इतक्या महाग पदार्थात भेसळ होणारच. लॅव्हेंडरच्या तेलात लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट हे दोन मुख्य घटक असतात, आणि दोन्ही कारखान्यात कृत्रिमरीत्या स्वस्तात बनवता येतात; त्यामुळे ते वरून मिसळले असतील तर नुसत्या नाकाने ओळखणे अवघड जाते. गॅस क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातील घटक वेगळे करणारी पद्धत) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (ते घटक ओळखणारी पद्धत) यांनी तेलातील घटक आणि त्यांचे प्रमाण कळते. निसर्गतः लॅव्हेंडरमधले लिनालूल बहुतांशी एकाच आरशी-रूपात (डाव्या-उजव्या हातांसारख्या, एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रचनांपैकी एकीत) असते, तर कृत्रिम लिनालूलमध्ये दोन्ही रूपे जवळजवळ सारखी असतात, म्हणून ही दोन रूपे वेगळी करणारा कायरल स्तंभ (यंत्रातील खास नळी) वापरला की भेसळ उघडी पडते. मोगऱ्यासारख्या नाजूक फुलांचा अर्क तर सहसा ऊर्ध्वपातनाने नव्हे, तर द्रावकाने काढतात. त्याला अ‍ॅब्सोल्यूट म्हणतात, आणि त्यात द्रावकाचा अंश किती उरला आहे हेही तपासावे लागते. पुरवठादाराने दिलेला अहवाल समोर ठेवून त्याला नेमके प्रश्न विचारता येणे, ही या व्यवसायातील पहिली पात्रता आहे असे मी मानतो.

सूत्रीकरणाचा, म्हणजे घटक व त्यांचे प्रमाण ठरवून उत्पादन बनवण्याचा, भाग तिला अधिक आकर्षक वाटेल आणि तो तसा आहेही, पण त्यातही रसायनशास्त्र सुटत नाही. लिनालूल हवेच्या संपर्कात आले की त्याचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात आणि मूळ घटकापेक्षा त्यांच्यामुळे त्वचेला अ‍ॅलर्जी होण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून बाटली गडद रंगाची आणि घट्ट झाकणाची हवी, आणि उघडून फार दिवस झालेले तेल वापरू नये. क्रीममध्ये पाणी येते, आणि पाणी आले की संरक्षक द्रव्य लागते. ‘सुगंधी तेल स्वतःच जंतुनाशक आहे’ या समजुतीवर विसंबून ते वगळणे धोक्याचे आहे. क्रीममध्ये मुद्दाम जिवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडून त्यांची संख्या 28 दिवसांत किती घटते हे पाहण्याची चाचणी त्यासाठीच आहे. याखेरीज क्रीम फाटते का, रंग व सामू (pH) बदलतो का, वास उतरतो का, हे कित्येक आठवडे वेगवेगळ्या तापमानांत ठेवून पाहावे लागते, आणि नवशिक्यांचा धीर नेमका इथेच सुटतो.

दाव्यांबाबत तर मी अधिकच आग्रही आहे. वास घेतल्यावर प्रसन्न वाटते, असे म्हणणे वेगळे आणि निद्रानाश बरा होतो, असे लेबलवर छापणे वेगळे. दुसऱ्या दाव्याने उत्पादन बहुतेक देशांत औषधांच्या नियमांखाली येते आणि मग त्याला वैद्यकीय पुरावा द्यावा लागतो. हा फरक अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमांत पुरेसा समजावला जातोच असे नाही.

नोकरीची दारे सुगंध आणि सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या कंपन्यांच्या सूत्रीकरण विभागांत, गुणवत्ता नियंत्रणात, स्वतंत्र चाचणी प्रयोगशाळांत आणि नियमपालनाच्या कामात उघडतात. स्वतःचे उत्पादन काढण्यापूर्वी अशा ठिकाणी दोन-तीन वर्षे घालवली तर पुढचा खर्च आणि चुका दोन्ही कमी होतील.

अल्प मुदतीचा अभ्यासक्रम तिने सुट्टीत जरूर करावा. मात्र या वर्षीचा प्रकल्प निवडताना तिने मार्गदर्शकांना असे सुचवावे की, एकाच फुलाच्या तेलाचे तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेले नमुने गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासून त्यांची तुलना करता येईल का. महाविद्यालयात यंत्र नसेल, तर जवळच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शुल्क भरून नमुने तपासून मिळतात का, याची चौकशी आत्ताच सुरू करावी.