कार्ब्स (पोळी, भात, साखर वगैरे) बंद केल्यावर आठवड्यात तीन किलो उतरले, आता काटा हलत नाही आणि रात्री भूक आवरत नाही. माझा निग्रह कमी पडतोय का?

नाही, निग्रहाचा यात काही दोष नाही. आधी त्या तीन किलोंचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. तीन किलो म्हणजे २३,००० च्या वर. तुम्हाला दिवसाला २,००० कॅलरी लागतात असं धरलं, तर आठवड्याच्या झाल्या १४,०००. म्हणजे आठवडाभर अन्नाचा कणही पोटात गेला नसता, तरी तीन किलो चरबी जळाली नसती. मग उतरलं काय? बरंचसं पाणी. यकृत आणि स्नायू मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कार्ब्सपासून बनलेली राखीव साखर, साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी असतं. कार्ब्स थांबले की तो साठा आटतो, पाणीही जातं. पुन्हा खाल्लं की परत येतं. काटा थांबला म्हणून घाबरून तुम्ही जेवण आणखी कमी केलं असेल, तर रात्रीची भूक तिथूनच आलीय.

मीही हे केलंय. दिवसभर काकडी आणि उकडलेल्या भाज्या, आणि रात्री अकराला दिवा न लावता ओट्याशी उभ्या उभ्या बिस्किटांचा अख्खा पुडा. तेव्हा स्वतःला फार बोल लावले. पुढे मिनेसोटा विद्यापीठातल्या १९४४-४५ च्या प्रयोगाबद्दल वाचलं. तिथले संशोधक अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यात दिवसभर जेवणच घोळायचं. कुणी पाककृतींची पुस्तकं चाळत बसायचं, कुणी ताटली चाटून पुसून घ्यायचं. ते वाचल्यावर मी स्वतःला दोष देणं सोडलं.

आता करायचं काय? कार्ब्स परत आणा, शक्यतो अख्ख्या धान्यातून. ताटाचा पाव भाग त्यांना, पाव भाग डाळी, अंडी किंवा मासे यांना, उरलेलं अर्धं भाज्या-फळांना. तेलही पूर्ण तोडू नका, अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाशिवाय नीट शोषली जात नाहीत. फक्त मोजून घाला, एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात. आणि दुपारी पोटभर जेवा, खरंच पोटभर. माझी रात्रीची खा-खा त्यानेच थांबली.

एक मात्र विचारायचं राहिलं: तुम्हाला मधुमेह आहे का? इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना असे अचानक कार्ब्स तोडले तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तसं असेल तर आहारात कुठलाही बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला.